दमाचा तळ

साताऱ्याच्या चढउतार मंडळात "दमलो" म्हणायला बंदी होती. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच पाळला जाई. डोंगरावर सायकल चढवताना ज्याच्या छातीचा भाता व्हायला लागे, त्यानं फक्त "चेन बघतो जरा" एवढंच म्हणायचं. मग सगळे उतरत आणि बारशाला आल्यासारखे त्या चेनभोवती जमत. कुणी म्हणे तेल कमी पडलं, कुणी म्हणे दाते झिजले, आणि चार मिनिटांत चेन आपोआप बरी होई. पुण्याहून एखादा पाहुणा आला की त्याला वाटे, साताऱ्यात चेनी फार वाईट मिळतात.

मंडळातली सगळ्यात नाजूक चेन वृंदा कणसेची. मेटाची सोंड म्हणजे डोंगरातून पुढे आलेली एक उभी धार, मंडळाचा दर रविवारचा रस्ता. तिथं वृंदाची चेन किमान तीनदा बिघडे. एरवी ती एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होती. गाडी सुटायच्या वेळेला सासरा धावत आला तरी ती गाडी थांबवणार नाही, असं लोक म्हणत. एकदा सासरा खरंच धावत आला होता. गाडी थांबली नव्हती.

तिचा नवरा उदय भूमिअभिलेख कार्यालयात भूकरमापक होता. लोकांच्या जमिनी मोजून द्यायच्या, खुणा रोवायच्या आणि भांडण सुरू व्हायच्या आत जीपमध्ये बसायचं, असं सत्तावीस वर्षं चाललेलं. मोजणीआधी एका ताटात जेवणारे भाऊ मोजणीनंतर एका बांधावर उभे राहत नाहीत, हे त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यातून काही शिकायचं असतं, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

उतारावर मात्र उदय राजा. सुटी खडी, मुरूम, मध्येच उघडा पडलेला कातळ. चाक कुठून न्यायचं हे त्याला जमिनीकडे बघितलं की कळे. वृंदा त्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवून उतरे. चढाला तो थांबतो, उताराला ती मागून येते, असा संसार एकोणीस वर्षं सुरळीत चालला होता. लग्नकार्यात कुणी विचारलंच तर उदय मोठ्या मनानं सांगे, "हिच्यासाठी थांबावं लागतं हो. पण थांबतो." तिच्या वाढदिवसाला त्यानं तीनदा चेन भेट दिली होती. पहिल्या वेळी "चेन आणलीय" म्हणून सांगितल्यावर तिनं ते पुडकं फार हळू उघडलं होतं.

घरी ती त्याला "अहो" म्हणे. डोक्यावर हेल्मेट चढलं की "उदय" आणि "तू". चढाला आदरार्थी बोलण्याइतका श्वास कुणाकडे असतो?

पुण्यात औषधं पोचवणाऱ्या ड्रोनांनाही चौकाचौकांत सिग्नल लागले, त्या वर्षीची ही गोष्ट. उदयचा साडू शिरीष बर्गे दिवाळीला आला तो एक डबी घेऊनच. डबीत पापडाएवढे पातळ, कातडीच्या रंगाचे दहा-बारा तुकडे होते.

"मांडीवर चिकटवायचा," शिरीष म्हणाला. तो पुण्यातल्या एका नव्या कंपनीत कामाला होता आणि कंपनीविषयी बोलताना 'आम्ही' म्हणे. "आम्ही याला नाव दिलंय 'तळ'. उदयराव, माणूस दमतो म्हणजे नेमकं काय होतं?"

"बसावंसं वाटतं."

"कुणाला वाटतं? पायाला की मेंदूला?"

उदयनं शंकरपाळी तोंडात टाकून वेळ काढला. शिरीषला तरी उत्तर कुठे हवं होतं?

त्याचं म्हणणं असं. आपल्याला वाटतं, स्नायूंतला जोर संपला की आपण थांबतो. तसं नसतं. प्रयोगशाळेत लोकांना अगदी कोसळेपर्यंत सायकल चालवायला लावली, तर "आता एक फेरासुद्धा नाही" म्हणून ते थांबले त्या क्षणीही त्यांच्या स्नायूंत बराच जोर उरलेला होता. मेंदू शरीराला तळापर्यंत जाऊच देत नाही. धोक्याची वेळ आली तर पळायला काहीतरी हवं, म्हणून तो आधीच ओरडायला लागतो.

"म्हणजे आईसारखं," वृंदा म्हणाली. "पीठ संपलं म्हणायची, पण डब्याच्या तळाला एका भाकरीचं कायम असायचं."

"ताई, तुम्ही आमच्या जाहिरात विभागात या," शिरीष म्हणाला. "तर हा तुकडा त्या डब्यात डोकावतो. कातडीतून प्रकाश आत सोडतो, स्नायूतल्या रक्तात प्राणवायू किती उरलाय ते बघतो, घाम चाखतो, नाडी ऐकतो. आणि हजारो लोकांच्या नोंदींशी ताडून एक आकडा देतो. तळ शंभर म्हणजे आत्ताच झोपून उठलात. तळ शून्य म्हणजे रुग्णवाहिका. माणूस 'दमलो' म्हणतो तेव्हा तो खरं बोलतोय की मेंदू त्याला फसवतोय, हे आता कळणार!"

"कळून काय करायचं?" वृंदानं विचारलं.

शिरीषला हा प्रश्न कंपनीत कुणी विचारला नसावा. तो चकलीकडे वळला.

रविवारी मंडळातल्या पाच जणांनी तळ लावला. आपला आणि जोडीदाराचा आकडा हँडलवरच्या छोट्या पडद्यावर दिसायचा. मेटाच्या सोंडेवर अर्ध्यात एक करवंदाची जाळी आहे, तिथून चढ इतका उभा होतो की पुढचं चाक जमीन सोडायला बघतं. अंग पुढे झुकवावं तर मागचं चाक घसरतं, मागे घ्यावं तर पुढचं उठतं, आणि या दोन्हींच्या मधे आपल्याला महिनाभर उभ्यानं तराजूत तोललं जातंय असं माणसाला वाटतं. तिथंच, नेहमीच्या जागी, मागून आवाज आला.

"चेन बघते जरा."

सगळे उतरले. उदय उतरला, हँडलवर दोन्ही कोपरं टेकवून त्यानं श्वास घेतला आणि सवयीनं पडद्याकडे बघितलं. उदय : ३१. वृंदा : ७९.

त्यानं पडदा अंगठ्यानं पुसला. आकडे तेच.

"वृंदा, तुझा एकोणऐंशी आहे."

"असेल."

"मग थांबलीस कशाला?"

"अरे, चेन..."

"चेनला काही धाड भरलेली नाही. महिन्यापूर्वी मीच नवी बसवलीय!"

 एखाद्या पंगतीत कुणी यजमानाला पगार विचारावा तसं झालं. मंडळाचे म्होरके जमदाडे सर, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर, खोकल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "कणसे, असू दे की. बघू दे तिला चेन."

"नाही सर, एक मिनिट. म्हणजे एकोणीस वर्षं ही अंग राखून चालवतेय? दर रविवारी नाटक? आणि मी इथं हिच्यासाठी थांबतोय, माझा ऊर फुटायला आलेला असतो, पाय लटपटत असतात, डोळ्यापुढं अंधारी..."

तो थांबला.

"हां," जमदाडे सर म्हणाले. "बोल की पुढं."

 वृंदा खाली वाकून खरोखरच चेन बघत होती.

मोजणी मनासारखी आली नाही की माणूस फेरमोजणी मागतो. उदयनंही मागितली. पुढच्या बुधवारी त्यानं हँडलवरचा पडदा काढून खिशात घातला आणि दोघांचे तुकडे अदलून बदलून लावले. आकडे माणसांबरोबर गेले. नवे तुकडे काढले, आकडे तेच. स्टँडसमोरच्या गल्लीतल्या चढावर वृंदाला भाजीची पिशवी घेऊन चालवलं : ९४. स्वतः पिशवी न घेता चालला : ८१. यंत्र नादुरुस्त असण्याची शेवटची आशा तिथं, कोथिंबीरवाल्याच्या समोर, संपली.

"कधीपासून?" त्यानं घरी विचारलं. वृंदा दुसऱ्या दिवशीच्या ड्युटीची साडी इस्त्री करत होती.

"पहिल्यापासून."

"म्हणजे?"

"लग्नानंतर पहिल्यांदा सोंडेवर गेलो ना, तेव्हा मी मागं वळून बघितलं. तुमचं तोंड हिरवं पडलेलं. चिंचेच्या पाल्यासारखं. मला वाटलं, हा माणूस आता पडणार, पण 'चेन' म्हणणार नाही. म्हणून मीच म्हटलं."

"मग खाली आल्यावर सांगायचंस!"

"सांगणार होते. तुम्ही सगळ्यांना म्हणालात, 'पहिलीच वेळ आहे तिची, सांभाळून घ्या.' " इस्त्री पदरावरून पुढे सरकली. "मग म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू."

उदय खुर्चीत बसला. सवयीनं पडद्याकडे बघितलं. बसल्या बसल्या त्याचा आकडा ८८ होता आणि त्याला उठवत नव्हतं.

"या रविवारपासून थांबायचं नाही," तो म्हणाला. "मला कुणाची मेहेरबानी नको."

"बघा हं."

"बघितलंय."

रविवारी वृंदा थांबली नाही. करवंदाच्या जाळीपाशी ती उदयच्या डावीकडून निघून गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा उदय सोंडेवर एकटा होता. बरोबर कुणी नसलं की चढ वाढतो, हे कुठल्या नकाशात दाखवलेलं नसतं. डोक्यात दोन माणसं बोलायला लागली. एक म्हणे, पुढच्या दगडापर्यंतच. दुसरा म्हणे, मागच्या दगडाला पण हेच म्हणालास. पडद्यावर २४ दिसत होते, म्हणजे जोर होता. पण पाय ते मानायला तयार नव्हते, आणि सोंडेवर तुमच्या पायांशी भांडायला यंत्र येत नाही, तुम्हालाच भांडावं लागतं.

तो वर पोचला तेव्हा मंडळींचे पेरू खाऊन झाले होते. वृंदा कड्याच्या टोकाला सायकल धरून उभी होती. बसलेली नव्हती. तिचा तळ ६६ होता.

"अजून आहे," ती स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर उदयनं कधी न पाहिलेली एक हाव होती. "उदय, मला एकदा बघायचंय. किती आहे ते."

वर्षभरात तळ सगळीकडे पोचला. "दमलो" या शब्दाची पत गेली. सासवा सुनांना आकडा विचारायला लागल्या, आणि हुशार सुना सासूलाच तुकडा भेट द्यायला लागल्या. ढोलपथकात ढोल खाली ठेवणाऱ्याची मांडी आधी तपासली जाई. उदयच्या कार्यालयात साहेबांनी फर्मान काढलं की शिवारात मोजणीला जाणाऱ्यांचा तळ रोज नोंदवावा. ज्याचं मन देहाच्या आधी दमतं त्याला अभिलेख कक्षात बसवावं. अभिलेख कक्ष म्हणजे तळघर. तिथं शंभर वर्षांचे नकाशे, तेवढीच जुनी झुरळं आणि एक पंखा, जो फिरतो की नाही याचीही एकदा मोजणी करायला हवी. उदयला शिवार आवडे. उन्हात उभं राहून दुसऱ्यांची जमीन बघणं ही त्याची एकमेव चैन होती.

त्याच वर्षी जोडधार स्पर्धेची प्रायोजक शिरीषची कंपनी झाली.

जोडधार म्हणजे बासष्ट किलोमीटरची डोंगरी सायकल शर्यत, जोडीनं. वाटेत तीन चौक्या. प्रत्येक चौकीवर दोघांनी एकमेकांपासून एका मिनिटाच्या आत पोचायचं. पूर्वी एकानं माघार घेतली की जोडी बाद. आता नवे नियम आले. तळ सगळ्यांनी लावायचा आणि तो मैदानातल्या आणि चौक्यांवरच्या मोठ्या पडद्यांवर जगाला दिसणार. एकानं माघार घेतली तर दुसरा एकट्यांच्या गटात पुढं जाऊ शकतो, पण माघार घेतलेल्यानं त्याला मदत करायची नाही, नाही तर तोही बाद. आणि माघार घेणाऱ्याचा तळ पंधराच्या खाली असेल तर नावापुढे लिहिणार 'देहाने माघार'. पंधरा किंवा वर असेल तर 'मनाने माघार'. ही यादी कायमची जाहीर राहणार.

"तू एकटीच नाव दे," उदय म्हणाला.

"अठरा जोडधारी जोडीनं केल्यात," वृंदा म्हणाली. "आता कशाला नवीन?"

"तुला बघायचंय ना किती आहे ते?"

"बघू कधीतरी."

हा 'कधीतरी' तिनं कुठल्या आवाजात म्हटला ते उदयला नीट ऐकू आलं. स्टँडवर रद्द झालेल्या गाडीची घोषणा ती याच आवाजात करते. ती सत्तेचाळीस वर्षांची होती. अशा गोष्टींना कधीतरी नसतो.

उदय वेड्यासारखा सराव करायला लागला. पहाटे उठून एकटाच सोंडेवर जाई, तळ नऊपर्यंत उतरवून येई, आणि घड्याळ बघे तर वेळ तेवढाच. शिरीषला फोन केला.

"उदयराव, आमचं यंत्र किती उरलंय ते सांगतं," शिरीष म्हणाला. "डबाच लहान असेल तर आम्ही काय करणार?"

नोव्हेंबरात जोडधारीच्या रविवारी ऊन स्वच्छ पडलं होतं. पठारावर वाळलेलं गवत, आणि वारा असा की हेल्मेटच्या भोकांत शिट्टी वाजे. दुसऱ्या चौकीवर, चाळिसाव्या किलोमीटरला, कणसे जोडी चव्वेचाळिसांत छत्तिसावी आली. वृंदा : ७४. उदय : २२.

पंचवीस पावलांवर स्वयंसेवकांचा तंबू. उदय सायकलवरून उतरला आणि उभा राहिला. पाण्याची बाटली उघडली, बंद केली, परत उघडली. पुढची चौकी अठ्ठावन्नला होती. तिथपर्यंत रडतखडत गेलो तर तळ पंधराच्या खाली नक्की जाईल. मग देहानं माघार, इभ्रत शाबूत, शिवार शाबूत. पण तिथून पुढे उरतात चार किलोमीटर. त्या चार किलोमीटरांत वृंदाला काय दिसणार? माघार घ्यायची तर इथंच, बाविसावर.

तो तंबूत गेला. टेबलापाशी कॉलेजातली एक मुलगी बसली होती.

"काका, माघार?"

"हो."

तिनं आकडा बघितला. "काका, बावीस आहे. थोडं पाणी प्या, दहा मिनिटं बसा, जाल तुम्ही. नाही तर 'मनाने' येईल हं."

"येऊ दे."

"कायमचं राहतं ते."

"बाळ, सातबारासुद्धा कायमचा असतो. लिही."

तिनं लिहिलं. बाहेर मोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली : उदय कणसे, मनाने माघार, तळ २२. वाऱ्यात कुणीतरी हसलं.

वृंदा सायकल टाकून आत आली. "कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! साहेब तुला तळघरात घालतील, माहीत आहे ना?"

"तिथं पंखा आहे."

"उदय, मी मागितलं होतं का हे?"

"नाही. तुला मी एकोणीस वर्षं कुठं काय मागितलं होतं?"

 तिचा राग खरा होता. तो ओसरला वगैरे नाही. बाहेर चौकीचं घड्याळ चालू होतं, आणि वेळ झालेली गाडी थांबवणं तिच्या रक्तात नव्हतं. "घरी ये, मग बघते तुझ्याकडे," एवढं म्हणून ती गेली. मागं वळून बघितलं नाही.

तंबूतल्या छोट्या पडद्यावर तिचा ठिपका सुटला. उदय खुर्चीत बसला, उठला, परत बसला. चव्वेचाळिसाव्या किलोमीटरला ती एकट्या बायकांत चौदावी होती. सत्तेचाळिसाव्याला अकरावी. तळ ५८. एकावन्नाव्याला आठवी. तळ ३७. स्वयंसेवक जमायला लागले. "काकू कोण आहेत या?" कुणीतरी विचारलं. उदय सांगणार होता, पण तेवढ्यात आकडा २६ झाला आणि तो खुर्ची ओढून पडद्याला चिकटला.

इतका खाली तिचा आकडा कुणीच पाहिलेला नव्हता. तिनंही नाही. उदयला पंधरा माहीत होता, नऊ माहीत होता. तिथं कानात कशी शीळ वाजते, हात ब्रेकवर आहे की नाही हेही कसं कळत नाही, ते माहीत होतं. वृंदा त्या गावाला पहिल्यांदाच चालली होती आणि रस्ता सांगायला बरोबर कुणी नव्हतं.

अठरा. अकरा. सात.

पंचावन्नाव्या किलोमीटरला ठिपका थांबला. आकडा : ४.

ती जागा उदयला डोळे मिटून माहीत होती. चुरमुऱ्याचा घसारा. डोंगराची अख्खी कूस सुट्या खडीनं भरलेली; चुरमुऱ्यांवर पाय दिल्यासारखे दगड खालून सरकतात. दर वर्षी तिथं उदय पुढं असे आणि वृंदा त्याच्या चाकामागं. या वर्षी पुढं चाक नव्हतं. आणि ते त्यानंच काढून घेतलं होतं.

"काका, कुठं निघालात? तुम्ही बाद आहात!" ती मुलगी ओरडली.

"मी शर्यतीतून बाद आहे," उदय सायकलवर टांग टाकत म्हणाला. "डोंगरातून नाही."

शर्यतीची वाट पठाराला मोठा वळसा घालून घसाऱ्याच्या माथ्यावर येते. गुरांची वाट सरळ जाते, तीन किलोमीटर. ती वाट त्यानं गायरानाच्या मोजणीत पावलापावलानं मोजली होती. उरलेल्या बाविसातले सगळे त्यानं तिथं ओतले. मन मध्ये आलं नाही. बहुतेक तंबूतच राहिलं असावं.

वृंदा घसाऱ्याच्या तोंडाशी एका दगडावर बसली होती. सायकल आडवी. हेल्मेटच्या पट्ट्यांतून घाम ठिबकत होता आणि तोंड चिंचेच्या पाल्यासारखं हिरवं. उदय दहा पावलांवर थांबला. जवळ जाऊन हात लावला असता तर ती बाद झाली असती.

तिनं मान वर केली. बराच वेळ तिला तो कोण हे ठरवता येत नसावं.

"उदय," ती म्हणाली, "हे असं होतं?"

"काय?"

"हे." तिनं छातीवर हात ठेवला, मग पायांवर, मग डोक्याभोवती फिरवला. "तुला असं होतं? सोंडेवर?"

"साधारण."

"दर रविवारी?"

"पावसाळ्यात जरा जास्त."

ती हसायला गेली, पण त्याला लागणारा श्वास तिच्याकडे नव्हता. "आणि पुढच्या रविवारी परत यायचास?"

उदयला या प्रश्नाचं एखादं बरं उत्तर द्यायचं होतं. पण जिभेवर आलं ते असं : "घरी थांबलो असतो तर तुझा भाऊ यायचा जेवायला."

मागून टायरांचा आवाज आला. केशरी जर्सीतली एक तरुण मुलगी त्यांच्या बाजूनं आली, घसाऱ्यात शिरली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. वृंदा आता नववी होती. तिनं धुरळ्याकडे बघितलं, मग दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून उठली. सायकल उचलायला तिला तीन प्रयत्न लागले. उदयचे हात तिन्ही वेळा आपोआप पुढं झाले आणि तिन्ही वेळा त्यानं ते खिशात घातले.

ती घसाऱ्याच्या काठावर उभी राहिली. खाली शंभर-सव्वाशे मीटर पांढरी, हलती खडी. वाट डावीकडून होती. डावीकडून, कातळाच्या कडेनं, मग त्या वाकड्या निवडुंगापाशी उजवीकडे. उदयला ती सरकारी नकाशावर लाल शाईनं काढल्यासारखी दिसत होती. त्यानं तोंड उघडलं.

"गप्प," वृंदा मागं न बघता म्हणाली. "बाद करतील."

आणि ती उजवीकडून शिरली.

चूक. शंभर टक्के चूक. पुढचं चाक खडीत रुतलं, मागचं आडवं झालं. ती घसरत, ब्रेक सोडत, पकडत, कधी एक पाय जमिनीवर फरफटवत चालली. उदय काठावर उभा होता. "डावीकडे" हा शब्द त्यानं दातांखाली दाबून धरला होता. सत्तावीस वर्षांत लोकांनी त्याच्यासमोर बांध फोडले होते, एकदा एकानं त्याच्यावर कोयता उगारला होता, पण गप्प राहणं इतकं जड कधी गेलं नव्हतं. तिसऱ्या वळणावर ती पडली. सायकल तिच्या अंगावरून दोन हात पुढे गेली. खडीचा एक लोट तिच्याबरोबर खाली आला आणि थांबला.

ती उठली. कोपराला रक्त होतं. तिनं सायकल ओढून उभी केली, बसली, आणि उरलेला घसारा कुठल्याही शास्त्रात न बसणाऱ्या वाटेनं उतरून खालच्या झाडीत शिरली.

 मग उदयलाही उतरायचं होतं. डावीकडची वाट स्वच्छ होती, ओळखीची होती. खडीत मात्र तिच्या चाकांची एक नवी, नागमोडी, जागोजाग फिसकटलेली रेघ उमटली होती. त्यानं पुढचं चाक त्या रेघेत घातलं.

ती जिथं पडली होती, तिथंच तोही पडला.

बसल्या जागी त्यानं धूळ झटकली आणि खाली बघितलं. झाडीच्या तोंडाशी त्याच्यासाठी कुणी थांबलेलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं, आणि गुडघाही ठणकायला लागला. या दोन्हींत जास्त काय, हे सांगणारं यंत्र अजून निघायचं आहे.